गाडीत जादा स्पीकर बसवताय? आधी वॅटचं गणित समजून घ्या. उसाच्या ट्रॅक्टरवर तर कान हाच मागचा आरसा

उसाचा हंगाम सुरू झाला की पळसदेवच्या आसपास ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतो. आधी बास येतो, मग गाणं, मग हेडलाइट आणि शेवटी उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. पुणे-सोलापूर महामार्गावर आणि बिजवडी, शहाजीनगर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हे चित्र इंदापूर-बारामतीकरांना नवं नाही.

कारवाल्यांची हौसही काही कमी नाही. नवी गाडी घेताना बेस मॉडेल घ्यायचं, त्यात कंपनीचा साधा स्टिरिओ आणि दोनच स्पीकर. मग आठवड्याभरात भिगवण, इंदापूर किंवा बारामतीच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात प्रश्न ठरलेला: "मागे अजून दोन स्पीकर टाकले तर किती?"

प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. कारण स्पीकर वाढवले म्हणजे आवाज वाढतोच असं नाही. आणि वाढला तरी तो कुणाच्या कानात जातो, हा दुसरा प्रश्न. कारमध्ये या हिशेबात चूक झाली तर फार तर स्टिरिओ जळेल. ट्रॅक्टरवर चूक झाली तर माणूस जाऊ शकतो. म्हणून दोन्हीचं गणित एकदा नीट पाहू.

डब्यावर '५० वॅट x ४' लिहिलंय, ते खरं आहे का?

बहुतेक स्टिरिओंवर हा आकडा असतो. ५० गुणिले ४ म्हणजे २०० वॅट. आता स्टिरिओच्या मागचा फ्यूज बघा. तो बऱ्याचदा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. १० अँपिअरच्या फ्यूजमधून जास्तीत जास्त १४४ वॅट आत जाऊ शकतात. आत १४४ आणि बाहेर २०० कसे येतील?

त्यातही स्टिरिओच्या आतल्या नेहमीच्या अ‍ॅम्प्लिफायर आयसीमध्ये जवळपास निम्मी वीज उष्णता होऊन जाते. उरतात साधारण ७० ते ८० वॅट, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला सुमारे २०. डब्यावरचा आकडा हा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. सतत मिळणारी ताकद 'आरएमएस' या शब्दापुढे लिहिलेली असते. दुकानात विचारायचा आकडा तोच.

थोडक्यात, कंपनीचा स्टिरिओ म्हणजे ठरावीक पाणी देणारी मोटर आहे. त्यावर आणखी चार नळ बसवले म्हणून विहिरीतलं पाणी वाढत नाही.

एकाच वायरवर दोन स्पीकर जोडले तर काय होतं?

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. गाडीतले बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात आणि स्टिरिओही तेवढाच भार गृहीत धरून बनवलेला असतो. फिटरने पुढच्या दाराच्या वायरला टॅप मारून मागचा स्पीकर जोडला की दोन ४ ओहमचे स्पीकर समांतर होतात आणि स्टिरिओला ते २ ओहमचे दिसतात. ओहमचा नियम दहावीत सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. विरोध निम्मा झाला की प्रवाह दुप्पट.

पहिले काही दिवस आवाज खरंच मोठा वाटतो. मालक खूश, फिटर खूश. पण आतली आयसी जास्त तापू लागते. उन्हाळ्यात डॅशबोर्ड आधीच भट्टीसारखा असतो. मग स्टिरिओ मध्येच बंद पडतो, थंड झाला की परत सुरू होतो आणि एक दिवस कायमचा गप्प होतो. दोष कंपनीला दिला जातो, पण तो असतो जोडणीत.

दुसरा पर्याय म्हणजे एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडणं. यात विरोध ८ ओहम होतो, स्टिरिओ सुरक्षित राहतो. पण एकूण ताकद निम्मी होते आणि प्रत्येक स्पीकरला मूळच्या पावपटच मिळते. स्पीकर दोन झाले, आवाज तिथेच राहिला.

स्टिरिओला मागच्या दोन स्पीकरसाठी वेगळी आउटपुट असेल आणि कंपनीने ती रिकामी सोडली असेल, तर मात्र तिथे ४ ओहमचे दोन स्पीकर बिनधास्त लावा. अनेक बेस मॉडेलमध्ये मागच्या दाराजवळ वायरिंग आणि कपलर आधीच असतो. वायर कापण्याआधी फिटरला तो शोधायला सांगा. कपलरला कपलर जोडला की वॉरंटीचा वादही होत नाही.

दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज?

नाही. कानाचा हिशेब वेगळा चालतो. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे ऐकताना 'थोडा वाढला' इतकंच जाणवतं. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. म्हणजे २० वॅटच्या जागी २००.

म्हणूनच वॅटच्या मागे पळण्याआधी स्पीकरच्या खोक्यावरचा दुसरा आकडा वाचा: सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. ८७ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा घेतला तर तोच स्टिरिओ दुप्पट ताकदीचा असल्यासारखा वागतो. एक रुपयाची जादा वीज न घेता.

मग कारमध्ये नेमकं काय करावं?

माझं मत सरळ आहे. स्पीकरची संख्या वाढवणं हा शेवटचा उपाय. क्रम असा ठेवा:

• आधी पुढच्या दारांतले कंपनीचे कागदी कोनवाले स्वस्त स्पीकर काढून चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे, त्याच मापाचे स्पीकर लावा. गाडी चालवणारा आणि शेजारी बसणारा हेच मुख्य श्रोते असतात.

• दाराच्या आतल्या पत्र्यातली मोठी भोकं बंद करून घ्या, पत्र्यावर डॅम्पिंग शीट लावा. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज भोकांतून पुढे आला की तो पुढच्या आवाजालाच कापतो आणि बास नाहीसा होतो. 'बास नाही' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

• सगळ्या स्पीकरचा प्लस-मायनस एकसारखा आहे ना, ते तपासा. एक उलटा जोडला गेला तर एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. स्पीकर जास्त आणि बास कमी, अशी गंमत होते.

• एवढं करूनही समाधान नसेल तरच वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. स्पीकर वाढवायचे असतील तर तेही त्यानंतर, त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या जिवावर.

अ‍ॅम्प्लिफायर आला की वायरिंगचा प्रश्न गंभीर होतो. ५० वॅट आरएमएसचे चार चॅनेल म्हणजे २०० वॅट. जुन्या पद्धतीचा एबी क्लासचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात २५ अँपिअरच्या पुढे ओढू शकतो. डी क्लासचा असेल तर साधारण १८. ही वीज स्टिरिओच्या वायरमधून किंवा लायटरच्या सॉकेटमधून घ्यायची नसते. थेट बॅटरीपासून पुरेशी जाड, शुद्ध तांब्याची वेगळी वायर लागते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायरही मिळते. तीच जाडी असूनही ती कमी प्रवाह सोसते.

आणि फ्यूज. तो अ‍ॅम्प्लिफायरजवळ नाही, बॅटरीजवळ हवा, दीड फुटाच्या आत. कारण हा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायर वाचवण्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश नसेल तर इन्सुलेशन घासून निघतं आणि वायर बॉडीला टेकते. मध्ये फ्यूज नसेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको. दुकानातून बाहेर पडण्याआधी बॉनेट उघडून "फ्यूज कुठे आहे, दाखवा" एवढं विचाराच.

ट्रॅक्टरवर हेच गणित का उलटतं?

कारला काचा असतात, छत असतं. त्या बंद जागेमुळे बासला आपोआप जोर मिळतो. ट्रॅक्टर उघडा. तिथे लावलेल्या बेस ट्यूबचा फायदा चालकाला सगळ्यात कमी आणि रस्त्याकडेच्या घरांना सगळ्यात जास्त. बास एका दिशेने जात नाही, चारी बाजूंना पसरतो आणि भिंतींनी फारसा अडतही नाही.

वीजही तुटपुंजी. अनेक ट्रॅक्टरवर ३६ अँपिअरच्या आसपासचा अल्टरनेटर असतो, तोही इंजिनचा वेग पुरेसा असतानाचा. दोन हेडलाइटलाच आठ-नऊ अँपिअर लागतात. वर २५ अँपिअरचा अ‍ॅम्प्लिफायर टाकला की हिशेब तोट्यात. आधी दिवे मंद होतात, त्यात ट्रॉलीचा मागचा लाल दिवाही आला. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तेवढाच तर आधार असतो.

कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापुढे नंबर लागेपर्यंत तासन् तास थांबावं लागतं. इंजिन बंद, गाणी चालू. सरासरी १० अँपिअर जरी ओढले तरी सहा तासांत ६० अँपिअर-अवर खर्च. ७५-८० अँपिअर-अवरच्या बॅटरीत मग स्टार्टर फिरवायला काय उरणार? पहाटे ट्रॅक्टरला धक्का मारणारी मंडळी हे जाणतात. आणि बिनफ्यूजच्या वायरिंगमागे वाळलेल्या पाचटासह भरलेला ऊस असतो, हेही विसरू नये.

कान हाच मागचा आरसा

पण सगळ्यात मोठा मुद्दा विजेचा नाही.

उसाने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा रुंद आणि उंच होते. बाजूला आरसा असला तरी त्यात ऊसच दिसतो. दोन ट्रॉल्या असल्या की मागचं टोक चालकापासून पंधरा मीटरच्या घरात लांब. तिथे काय चाललंय, हे कळायचा एकच मार्ग उरतो तो म्हणजे कान. ओव्हरटेक करणाऱ्या एसटीचा हॉर्न, १०८ रुग्णवाहिकेचा सायरन, ट्रॉलीची पिन निसटल्याचा आवाज, "अहो, ऊस पडतोय" म्हणून ओरडणारा माणूस. मागून येणारा आवाज आधीच त्या उसाच्या भिंतीला अडून अर्धमेला होऊन पुढे पोहोचतो. त्यावर मोठा स्पीकर लावला की तो आरसाच फुटतो.

इथे एक प्रामाणिक हिशेब मांडायला हवा. कॅबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर ओढीच्या कामात चालकाच्या कानाशी ९० डेसिबलच्या आसपास आवाज असणं नवल नाही. गाणं त्याच्यावर ऐकू यायचं तर ते त्याहून मोठं हवं. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतील 'नायॉश' या सरकारी संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९१ ला दोन तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. आपला चालक रात्रभर ऐकतो, हंगामभर ऐकतो. गेलेली श्रवणशक्ती कुठल्याही दवाखान्यात परत मिळत नाही.

म्हणजे चालू ट्रॅक्टरवर इंजिनच्या वर चढून मजा देईल आणि तरीही धोक्याचा नसेल, असा आवाजच अस्तित्वात नाही. हे कुणाच्या संस्कृतीवर बोट ठेवणं नाही. ही निव्वळ बेरीज आहे.

"गाणी नसतील तर झोप लागते"

चालकांचं हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. फडात ट्रॉली भरायला वेळ, रस्त्यावर वेळ, गव्हाणीपुढे नंबरला वेळ. चोवीस तासांतले किती तास जागं राहावं लागतं, हे त्यांनाच माहीत. सोबतीला कुणी नाही. अशा माणसाला "गाणी बंद कर" म्हणणं सोपं आहे.

पण मोठ्या आवाजाने झोप जात नाही, थोडा वेळ दबते. थकवा तसाच राहतो आणि डुलकी गाणं सुरू असतानाही लागते. म्हणून खरा उपाय स्पीकरच्या दुकानात नाही. तो नंबरच्या रांगेत आहे. चालकाला तीन-चार तास आडवं होता येईल अशी जागा आणि नंबर चुकणार नाही याची खात्री. रांग जितकी शिस्तीत, तितका चालक जागा.

आणि सोबतीला गाणं हवंच असेल तर भौतिकशास्त्र चालकाच्या बाजूने आहे. उघड्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. दोन मीटरवरचा स्पीकर कानापासून अर्ध्या मीटरवर आणला की १२ डेसिबल वाढतात, म्हणजे ताकद सोळापट केल्याइतकं. जवळ लावलेला १० वॅटचा छोटा स्पीकर लांबच्या १६० वॅटच्या पेटीचं काम करतो. वीज किरकोळ, बॅटरी शाबूत आणि गावाची झोपही.

म्हणून जे हवंय ते एवढंच: हुडाच्या आत, चालकाकडे तोंड करून एक-दोन छोटे स्पीकर. रांगेत थांबल्यावर निवांत ऐका. रस्त्यावर आवाज इतका कमी की मागचं सगळं ऐकू येईल. गावातून जाताना बंद. आणि इअरफोन हा पर्याय नाही. त्याने गावाची सुटका होते, मागचा आरसा मात्र फुटलेलाच राहतो.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त जागा सोडून ध्वनिवर्धक किंवा आवाज वाढवणारी यंत्रणा वापरायला मनाई आहे. उघडा ट्रॅक्टर बंदिस्त जागेत मोडत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात मर्यादा आणखी कडक.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार रस्ता सुरक्षा आणि ध्वनिप्रदूषणाचे निकष मोडणारं वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तीन महिन्यांसाठी परवानाही जाऊ शकतो. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास कलम १९४ई आहे. तिथे १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. "ऐकूच आलं नाही" हे कारण रुग्णवाहिकेतल्या माणसाच्या कामाचं नाही.

पळसदेवला याला आणखी एक बाजू आहे. गाव उजनीच्या फुगवट्याच्या काठावर आहे. जुनं गाव आणि पळसनाथाचं मंदिर धरणाच्या पाण्यात गेलं, त्यानंतर ही वस्ती वर आली. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगत आणि पाण्यालगत थंड हवा बसते, वरची हवा तुलनेने उबदार असते. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दिवसापेक्षा खूप लांब पोहोचतो. उसाचा हंगाम नेमका याच दिवसांत. म्हणून महामार्गावरचं गाणं काठावरच्या वस्तीत 'अंगणात वाजतंय' असं वाटतं. दहावी-बारावीच्या परीक्षाही हंगामाच्या शेवटीच येतात.

मग करायचं कुणी?

दर हंगामात पोलीस आणि परिवहन विभाग कारखान्यांना रिफ्लेक्टरबद्दल सूचना देतात, मोठ्या आवाजातल्या गाण्यांवरही अधूनमधून कारवाई होते. पण रस्त्यावर अडवून पेट्या काढून घेण्याने प्रश्न सुटत नाही. पुढच्या हंगामात त्याहून मोठी पेटी येते. कारवाई व्हायला हवी ती हंगामाआधी, कारखान्याच्या गेटवर.

ऊस वाहतुकीचा करार करतानाच रिफ्लेक्टर आणि मागच्या दिव्याबरोबर तीन गोष्टी तपासाव्यात: स्पीकरचं तोंड चालकाकडे आहे का, बॅटरीजवळ फ्यूज आहे का आणि बेस ट्यूब काढली आहे का. बारामतीचं परिवहन कार्यालय आणि कारखाने यांनी मिळून हे ठरवलं तर त्याला फारसा खर्च नाही. ट्रॅक्टर मालकांनीही लक्षात घ्यावं की अपघात झाला तर पोलीस ठाण्यात आणि कोर्टात आधी मालकालाच उभं राहावं लागतं.

यासाठी डेसिबल मोजणारं यंत्रही नको. भरलेला ट्रॅक्टर इंजिन चालू ठेवून उभा करा, गाणं नेहमीच्या आवाजात लावा. एकाने मागच्या ट्रॉलीच्या मागे उभं राहून दुचाकीचा हॉर्न वाजवावा. चालकाने मान वळवली तर ठीक. नाही वळवली तर आवाज कमी करून पुन्हा वाजवा. जिथे मान वळते, तिथे व्हॉल्यूमच्या बटणावर पेंटने खूण करा.

त्या खुणेच्या पुढे बटण फिरवायचं नाही. कारवाल्यांनीही काचा वर असताना हीच चाचणी एकदा करून बघावी.